गावच्या तलावावर पक्षीगणना आणि अधिवासाचे काम: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरातील एका गावात शिक्षक आहात. तालुक्यातील पक्षिमित्र मंडळाने आपल्याला जानेवारीतील पाणपक्षी गणनेसाठी आणि पुढे उन्हाळ्यात गावच्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळच्या) तलावाच्या, स्वच्छतेसाठी स्वयंसेवक म्हणून बोलावले आहे. आपल्याला तीस-चाळीस पक्षी ओळखता येतात, दुर्बीण नाही, आणि मनात एक शंका आहे: पक्षी मोजून पक्ष्यांचे खरोखर काही भले होते का, की तो वेळ सरळ कुदळ-फावडे घेऊन तलावावर घालवलेला बरा? शिवारात सारसाचे घरटे सापडले तर काय करावे, हेही आपण विचारता, आणि मंडळाचा तलावाच्या पाळीवर (बांधावर) झाडे लावण्याचा विचार असल्याचे कळवता. पूर्व विदर्भातील तलावांवर मी गेली बावीस वर्षे हे काम करीत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आपल्या शंकेचे उत्तर आधी देतो. मोजणीही करावी आणि कुदळही हाती घ्यावी, परंतु त्याच क्रमाने. ज्या तलावावर किमान दोन हिवाळे आणि एक पावसाळा आपण नियमित नोंदी केलेल्या नाहीत, त्या तलावात काय काढायचे आणि काय लावायचे हे ठरविण्याइतके आपल्याला ठाऊक झालेले नसते. हे मी पुस्तकी तत्त्व म्हणून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात आमच्या गटाने एका तलावाची मोठ्या उत्साहाने 'स्वच्छता' केली. काठावरचे बेशरम हे बाहेरून आलेले झुडूप उपटले, ते योग्यच झाले. पण त्याच झपाट्यात उथळ पाण्यातले देवधान (रानटी धान), लव्हाळे आणि तरंगत्या पानांच्या वनस्पतीही काढून टाकल्या, कारण आमच्या डोळ्यांना तो सगळाच कचरा वाटत होता. तलाव आरशासारखा दिसू लागला आणि गावाने कौतुक केले. पुढच्या हिवाळ्यात त्या आरशावर काही टिबुकल्या आणि पाणकावळे तेवढे दिसले. काणूक हे छोटे बदक आले नाही, आणि पावसाळ्यात कमळपक्ष्याचे घरटे शोधूनही सापडले नाही. आधीच्या वर्षांच्या नोंदी आमच्याजवळ असत्या, तर कोणता पक्षी कोणत्या वनस्पतीत वावरतो हे आम्हाला उपटण्यापूर्वीच कळले असते. ते नुकसान भरून यायला अनेक वर्षे लागली.

मोजणीने काय साधते, याचे देशपातळीवरचे सर्वांत ठळक उदाहरण गिधाडांचे आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी देशातील अनेक रस्त्यांवरून ठरावीक पद्धतीने शिकारी पक्ष्यांची मोजणी केली होती. तेव्हा गिधाडे इतकी सामान्य होती की त्यांची संख्या लिहून ठेवणे कुणालाही निष्फळ वाटले असते. सन 2000 मध्ये त्याच रस्त्यांवरून त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी झाली, तेव्हा काही जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे स्पष्ट झाले. जनावरांना दिले जाणारे आणि मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याचे मुख्य कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आज गडचिरोलीत गिधाडांसाठी जे प्रयत्न चालू आहेत, त्यांचा धागा त्या जुन्या मोजणीपर्यंत जातो. 'पूर्वी फार गिधाडे होती' एवढ्या आठवणीवर बंदी घालता आली नसती.

आपल्या परिसरातले उदाहरण सारसाचे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि काही प्रमाणात भंडाऱ्यात उरला आहे. गोंदियात आणि नदीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यात दर उन्हाळ्याच्या अखेरीस स्थानिक स्वयंसेवक पहाटे ठरलेल्या पाणवठ्यांवर बसून सारस मोजतात. नदीच्या दोन्ही बाजूंना एकाच काळात मोजणी करण्यामागे साधे कारण आहे. सारसाला जिल्ह्याची आणि राज्याची हद्द कळत नाही, आणि एकच जोडी दोनदा मोजली गेली तर आधीच लहान असलेला आकडा फसवा होतो. या आकड्यांतून घट दिसत गेली, बातम्या आल्या, आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. न्यायालयापुढे शेवटी उभा राहतो तो आकडा, आणि तो आकडा कुणीतरी पहाटे चार वाजता उठून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसल्यामुळे मिळालेला असतो.

आता जानेवारीतील गणनेविषयी. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते. याच सुमारास अनेक देशांतील पाणथळींवर एकाच काळात मोजणी होत असल्याने स्थलांतरित बदकांचा मोठा हिशेब मांडता येतो. आपल्या तलावाचे पान त्या मोठ्या वहीत कोरे राहू नये, हे पहिले काम. तीस-चाळीस पक्षी ओळखता येतात हे सुरुवातीला भरपूर आहे. जे ओळखता येत नाही ते 'बदक, अनोळखी, 14' असे लिहावे. तलवार बदकाची मादी, गडवालाची मादी आणि भुवई बदकाची मादी दूरवरून सारख्याच तपकिरी दिसतात आणि तिथे अनुभवी माणसेही चुकतात. अंदाजाने लिहिलेले नाव कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट, कारण वीस वर्षांनी ती वही वाचणाऱ्याला त्यातले खरे कोणते आणि ठोकून दिलेले कोणते हे कळण्याचा मार्ग नसतो.

पद्धत अशी ठेवावी. सूर्योदयानंतर अर्ध्या तासात तलावावर पोहोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशा रीतीने पाळीवर उभे राहावे, नाहीतर सगळी बदके काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. तलावाचे डोळ्यांनी तीन-चार भाग पाडावेत. एखादे वाळलेले झाड, सांडवा, घाट अशा खुणा धराव्यात आणि त्या दरवर्षी त्याच ठेवाव्यात. तिघांचा गट उत्तम: एकाने पाहावे, एकाने मोजावे, एकाने लिहावे. पाहणाऱ्याने दुर्बिणीतून डोळा न काढता बोलत राहावे आणि लिहिणाऱ्याने मध्ये प्रश्न विचारू नयेत. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नेमके मोजावेत, ते दहा पक्षी पाण्यावर किती जागा व्यापतात हे नजरेत ठेवावे, आणि तीच जागा पुढे सरकवीत जावी. दोघांनी वेगवेगळे मोजून नंतर आकडे ताडून पाहावेत. फरक फार आला तर सरासरी काढण्याऐवजी पुन्हा मोजावे. एखादा दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) पाण्यावरून खाली आला की सगळा थवा उठतो. अशा वेळी हवेतले पक्षी मोजण्याच्या मागे लागू नये, पंधरा मिनिटे थांबावे, बहुतेक पक्षी परत बसतात.

एक प्रसंग सांगतो. अडई या बदकांचा एक दाट थवा काठाजवळच्या गवतात बसलेला होता आणि आमच्यातल्या दोन तरुणांना तो नीट मोजण्यासाठी जवळ जायचे होते. तेवढ्यात जाळे काढून परतणाऱ्या एका वृद्ध ढिवर काकांनी डोंगा थांबवला आणि म्हणाले, "ते पाखरं राती बांधीत चरते अन् दिवसा इथं झोपते. त्याइले उठवू नका, तुमी अठीच बसा, ऊन चढलं का आपोआप पाण्यात येते." आम्ही बसलो. साडेनऊच्या सुमारास अडई गवतातून दोन-दोन, चार-चार करीत उघड्या पाण्यावर आल्या आणि आम्ही त्या एकेक करून मोजल्या. आमच्या अंदाजापेक्षा तो थवा जवळजवळ दुप्पट निघाला. अडई रात्री धानाच्या शेतात चरते आणि दिवसा विसावते, हे आम्ही वाचलेले होते. परंतु या तलावावर ती कोणत्या कोपऱ्यात झोपते आणि किती वाजता पाण्यात उतरते, हे त्या काकांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक तलावाच्या गणनेत त्या तलावावर मासेमारी करणारा एक तरी माणूस गटाचा सभासद म्हणून असतो. तो केवळ वाटाड्या नसतो. नोंदपत्रकावर त्याचेही नाव लिहिले जाते.

काही दिसले नाही तरी ते लिहावे. 'सारस: 0, पाहणी दोन तास, धुके नाही' ही नोंद मोलाची असते. सारस आला नाही आणि कुणी पाहायलाच गेले नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किती वाजता सुरू केले, किती वेळ पाहिले, किती माणसे होती, पाणी किती होते, हे रकाने पक्ष्यांच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे मानावेत.

जानेवारीची एक गणना पुरेशी नाही. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, शाळेत जाण्यापूर्वीचा अर्धा तास आपल्याला सहज काढता येईल. ती यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरावी आणि दिसलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी द्यावी. केवळ विशेष पक्षी टाकू नयेत. चिमणी, साळुंकी आणि टिटवीही लिहावी. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा 2023 चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात 942 जातींचा आढावा घेता आला. त्या नोंदींत मोठ्या शहरांभोवतीचा भाग दाट आहे. आपल्या झाडीपट्टीतल्या खेड्यांतून येणारी प्रत्येक नियमित यादी म्हणून अधिक कामाची.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. आठ पट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण, वही, पेन्सिल, घड्याळ. पेन्सिल यासाठी की दवाने ओली झालेली शाई पसरते. मंडळाकडे जादा दुर्बीण असते, ती मागून घ्यावी. महागडा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. कॅमेरा हाती आला की माणूस मोजायचे विसरतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता तलावाचे काम. इथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. आपल्याकडचे मामा तलाव गोंड राजवटीच्या काळापासून प्रामुख्याने कोहळी समाजाने धानाच्या सिंचनासाठी बांधले. जमिनीचा उतार अचूक ओळखून घातलेली पाळ, पाळीपुढे खोल पाणी, आणि मागे गावाच्या किंवा जंगलाच्या बाजूला हळूहळू उथळ होत जाणारा पसारा अशी त्यांची रचना असते. पक्ष्यांच्या दृष्टीने सगळी किमया त्या उताराची आहे. लालसरी बुडी मारून खाते, तिला खोल पाणी लागते. तलवार बदक शेपटी वर करून डोके बुडवते, त्याला मान तळापर्यंत पोहोचेल इतकेच पाणी हवे. तुतवारीसारख्या चिखल्या पक्ष्यांना बोटभर पाणी आणि ओला चिखल पुरतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. ती नर उबवतो आणि पिल्लेही तोच सांभाळतो. काणूक पाणवनस्पतींच्या गर्दीत चरते, पण घरटे मात्र काठच्या जुन्या झाडाच्या ढोलीत करते. म्हणजे मोहाचे किंवा अर्जुनाचे एक पोकळ झाड तोडले गेले, तर तलाव जसाच्या तसा असूनही काणुकेचा संसार उठतो.

म्हणून गाळ काढण्याच्या कामाकडे फार जागरूकपणे पाहावे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेमुळे कास्तकाराला सुपीक गाळ मिळतो आणि तलावाची साठवण वाढते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु यंत्राने सगळा तलाव सारख्या खोलीचा आणि काठ उभे कापलेले झाले, की चिखल्या पक्षी, पाणकोंबडी, कमळपक्षी यांना पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांचीही तीच गत होते. ग्रामसभेत एवढाच आग्रह धरावा की गाळ पाळीकडच्या खोल भागातून काढावा, मागचा उथळ भाग सोडावा, आणि जिथे खोदकाम होईल तिथे काठ तिरका ठेवावा. त्यात कास्तकाराचे काही जात नाही. असा आग्रह धरताना आपल्या हाती त्या उथळ भागातल्या पक्ष्यांच्या दोन वर्षांच्या नोंदी असल्या, तर बोलण्याला वजन येते.

बेशरम काढावेच. ही आपल्याकडची वनस्पती नव्हे. जनावर तिला तोंड लावत नाही, आणि तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पुन्हा मूळ धरतो. त्यामुळे कोयत्याने छाटण्यात अर्थ नाही. पाणी हटल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, मुळासकट उपटावे, ढीग तलावाच्या बाहेर नेऊन वाळवावेत. एका वर्षात सगळा काठ मोकळा करू नये, कारण आजच्या घडीला काही बगळे आणि मुनिया त्याच झुडपांत रात्र काढतात. तिसरा हिस्सा काढावा, तिथे देशी वनस्पती रुजू द्यावी, मग पुढे सरकावे. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजातील मंडळींनी आणि स्थानिक अभ्यास मंडळाने एकत्र येऊन केलेले काम या बाबतीत पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वी तलावाच्या तळाचा काही भाग नांगरून घट्ट झालेली माती मोकळी करायची आणि पाऊस पडल्यावर चांगल्या तलावातून आणलेल्या देवधान, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा पाणवनस्पती तिथे लावायच्या, अशी ती पद्धत आहे. वनस्पती आल्या की स्थानिक मासे येतात आणि माशांमागून पक्षी. या कामात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कोणती वनस्पती किती खोलीवर तग धरते, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

त्याच संदर्भात मत्स्यबीजाचा विषय निघतो. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, म्हणून वनस्पती लावलेल्या तलावात ही बीजे शक्यतो सोडू नयेत. परंतु तलावाचा मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडे असतो आणि त्यावर अनेक कुटुंबांचे पोट चालते. पक्षिमित्रांनी बाहेरून येऊन 'हे बीज सोडू नका' असे सांगणे हा आगाऊपणा ठरतो, आणि तो आमच्या हातून झालेला आहे. संस्थेच्या सभेत बसावे, त्यांचा हिशेब ऐकावा, एखाद्या बोडीत (लहान तळ्यात) स्थानिक माशांचा प्रयोग करून पाहू असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवावा आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. ग्रामपंचायतीत 2002 च्या कायद्यानुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच असते. आपण शिक्षक असल्याने तिचे काम जागे करणे आणि तलावाच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत उतरविणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जाईल.

सारसाचे घरटे गावच्या शिवारात सापडले तर काय करावे, हेही आपण विचारले आहे. रोवणीनंतर भर पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीत गवत-काडीचा मोठा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो आणि उबवण्याला महिनाभर लागतो. तेवढ्या जागेतले धान मोडते, आणि कास्तकाराची पहिली काळजी तीच असते. ती काळजी रास्त आहे असे आधी मान्य करावे. त्याच्याशी बोलावे, मंडळाला व वनविभागाला कळवावे, आणि रोज एकदा लांबच्या धुऱ्यावरून दुर्बिणीने पाहून पाच मिनिटांत परतावे. फवारणीच्या दिवसांत घरट्याभोवतीची बांधी सोडता येईल का, हे विचारावे. जवळून गेलेल्या विजेच्या तारा लोंबत असतील तर छायाचित्र काढून वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, कारण तारांना धडकून सारस मरतात. घरट्याचे छायाचित्र आणि ठिकाण मात्र कुठल्याही समूहावर टाकू नये. एक छायाचित्र फिरले की रविवारी बांधीवर गाड्या उभ्या राहतात, पक्षी घरट्यावरून उठतो आणि उघड्या अंड्यांवर कावळे टपलेले असतात. ज्या कास्तकाराच्या विश्वासावर ते घरटे टिकते, त्याचा विश्वासही त्याच दिवशी जातो.

पाळीवर झाडे लावण्याच्या मंडळाच्या विचाराबद्दल एवढेच सांगतो की मोह, जांभूळ, अर्जुन अशी इथलीच झाडे पाळीच्या पायथ्यापासून दूर लावावीत. पाळीच्या अंगात मोठ्या मुळांचे झाड नको, पाळ फुटण्याचा धोका असतो. आणि तलावामागचे उघडे गवताळ पडीक 'रिकामे' समजून तिथे रोपे लावू नयेत. पश्चिम विदर्भात, अकोला-वाशीमकडे, तणमोरासारखा अतिसंकटग्रस्त पक्षी अशाच उघड्या माळांवर अवलंबून आहे आणि तिथे चांगल्या हेतूने केलेली वृक्षलागवड त्याच्या मुळावर येते. आपल्याकडे तणमोर नसला तरी टिटवी, चंडोल आणि रातवा त्या पडीक जमिनीवरच अंडी घालतात.

सध्या आपल्या हातात महिनाभर आहे. या रविवारी मंडळाची वाट न पाहता तलावाची एक फेरी मारावी आणि साध्या कागदावर त्याचा नकाशा काढावा: पाळ, सांडवा, घाट, बेशरमाचा पट्टा, देवधानाचा पट्टा, ढोली असलेली झाडे, गुरे पाण्यावर उतरतात ती वाट. सोबत सातवी-आठवीची चार मुले न्यावीत आणि त्यांच्यात ढिवर मोहल्ल्यातली दोन तरी असावीत, कारण पक्ष्यांची गावातली नावे तीच सांगतील. ती नावे नकाशाच्या मागच्या बाजूला, जशी ऐकू येतील तशी, लिहून ठेवावीत. जानेवारीच्या गणनेला येताना तो कागद सोबत आणावा. गटनायक पहिल्यांदा तोच मागेल.